केनची खुर्ची रिकामी होतेय, आणि तिच्यावर स्कूल बोर्डातून दावा आलाय : नॉक्स कौंटीची निवडणूक नेमकी कशाची आहे?

शाळेत डब्ल्यूडब्ल्यूईचे ट्रम्प कार्ड खेळलेल्या पिढीला केन कोण हे सांगायची गरज नाही. लाल-काळा मास्क, सात फुटांचा गडी, एन्ट्रीला उठणारे आगीचे लोळ आणि अंडरटेकरचा भाऊ. हे दोघं सख्खे सोडा, चुलत भाऊही नव्हते हे कळायला बऱ्याच जणांना दहावी उजाडली, तो भाग वेगळा.

तर हा केन २०१८ पासून अमेरिकेत एक अख्खी कौंटी चालवतोय. खरं नाव ग्लेन जेकब्स. टेनेसी राज्याच्या पूर्व भागातल्या नॉक्स कौंटीचे ते मेयर आहेत. चार वर्षांची एक टर्म झाली, २०२२ मध्ये दुसऱ्यांदा निवडून आले. आता नियमाप्रमाणं थांबायची वेळ आलीय, कारण या कौंटीत एका माणसाला सलग दोनच टर्म मिळतात.

खुर्ची रिकामी म्हणल्यावर रांग लागणारच. रिपब्लिकन पक्षाकडून तीन मोठी नावं चर्चेत आली. लार्सन जे आणि किम फ्रेझियर हे दोघं कौंटी कमिशनचे सदस्य, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर सभागृहात बसणारे लोक. तिसरं नाव आहे बेट्सी हेंडरसन. त्या कमिशनमध्ये नाहीत. त्या २०२० मध्ये नॉक्स कौंटीच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या, पुढं बोर्डाच्या अध्यक्षही झाल्या आणि स्वतःची ओळख कॉन्झर्व्हेटिव्ह अशीच करून देतात.

आता तुम्ही म्हणाल, सात समुद्रापार एका जिल्ह्याएवढ्या भागात कोण मेयर होतंय याच्याशी आपलं काय? केन सोडला तर काही नाही, हे खरंय. पण गेल्या पाच-सहा वर्षांत अमेरिकेचं राजकारण जिथं सगळ्यात जास्त पेटलं, ती जागा वॉशिंग्टनची संसद जेवढी आहे तेवढीच शाळेच्या बोर्डाची मिटिंग आहे. मास्क, पुस्तकं, इतिहासाचा धडा, बाथरूम, सगळी भांडणं तिथं झाली. त्या मिटिंगमधून तयार झालेली माणसं आता पुढच्या पायरीवर पाय ठेवतायत. आणि ती पायरी चढल्यावर त्यांच्या हातात जे येतं, ते त्यांना ज्या भांडणांनी ओळख दिली त्यापेक्षा पार वेगळं असतं. नॉक्सची निवडणूक बघण्यासारखी आहे ती यासाठी.

कौंटी मेयर म्हणजे महापौर नव्हे

पहिला घोळ इथंच होतो. नॉक्स कौंटीचं मुख्य शहर नॉक्सव्हिल. २०२० च्या जनगणनेत कौंटीची लोकसंख्या होती ४ लाख ७८ हजार ९७१, त्यातले साधारण १ लाख ९० हजार लोक नॉक्सव्हिल शहरात राहतात. शहराचा मेयर वेगळा आणि कौंटीचा मेयर वेगळा. शहरात राहणारा माणूस दोघांना मत देतो आणि दोघांनाही टॅक्स भरतो.

टेनेसीत पूर्वी या पदाला कौंटी एक्झिक्युटिव्ह म्हणायचे. २००३ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं नाव बदलून कौंटी मेयर केलं. नाव भारदस्त झालं, अधिकार होते तेवढेच राहिले. रस्ते, ग्रामीण भागातला कचरा गोळा करायची केंद्रं, वाचनालयं, आरोग्य खातं, उद्यानं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बजेट मांडणं, हे मेयरचं काम.

आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्याशी तुलना करायचा मोह होतो, पण ती जमत नाही. इथं शेरीफ लोकांमधून वेगळा निवडून येतो. टॅक्स वसूल करणारा ट्रस्टी वेगळा निवडून येतो. घरांची किंमत ठरवणारा असेसरही निवडून येतो. एवढंच काय, नॉक्समध्ये कौंटीचा वकील सुद्धा निवडून येतो. यातल्या कुणालाच मेयर घरी पाठवू शकत नाही. त्यामुळं मेयरपदाची ताकद अधिकारापेक्षा जास्त पैशाच्या वाटपात आहे. कोणत्या खात्याला किती, हे मांडायचं काम त्याच्याकडं. मंजुरी मात्र ११ जणांच्या कौंटी कमिशनची.

आणि स्कूल बोर्ड म्हणजे काय?

नॉक्स कौंटीत सरकारी शाळांचं एकच तंत्र आहे. शहराच्या शाळा वेगळ्या होत्या, पण १९८७ मध्ये त्या कौंटीच्या शाळांत विलीन झाल्या. आज साधारण ६० हजार पोरं आणि ९० च्या घरात शाळा. हे सगळं बघतं नऊ जणांचं बोर्ड, प्रत्येक जण आपापल्या वॉर्डातून निवडून आलेला. रोजचा कारभार बघतो सुपरिंटेंडंट. १९९२ च्या राज्याच्या कायद्यापासून हा सुपरिंटेंडंट निवडून येत नाही, बोर्ड त्याला नेमतं.

म्हणजे धोरण बोर्डाचं. वर्गात फोन चालणार की नाही, सुट्ट्या कधी, शाळेची हद्द कुठपर्यंत, सुपरिंटेंडंट कोण, पगाराची रचना काय, हे सगळं बोर्ड ठरवतं.

एकच गोष्ट बोर्डाकडं नाही. पैसा उभा करायचा अधिकार. टेनेसीतलं कौंटीचं स्कूल बोर्ड एक सेंटचाही टॅक्स लावू शकत नाही, इमारतीसाठी स्वतःच्या जिवावर कर्ज काढू शकत नाही. घरखर्चाची यादी एकानं करायची आणि पाकीट दुसऱ्याच्या खिशात, असा संसार आहे हा. भांडणं तर होणारच.

बरीच वर्षं ही बोर्डं कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. निवडणुका पक्षाच्या चिन्हाशिवाय व्हायच्या. निवृत्त शिक्षक, पालक संघटनेत काम केलेल्या आया, एखादा स्थानिक दुकानदार अशी माणसं निवडून यायची. मग आला कोरोना.

नॉक्समध्ये तर या विषयात थोडी गंमतच झाली. जुलै २०२० मध्ये इथल्या आरोग्य मंडळानं सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला. विरोधात एकच मत पडलं, ते मेयर ग्लेन जेकब्स यांचं. ज्या माणसानं कित्येक वर्षं मास्क घालून पोट भरलं, त्यानंच मास्कला विरोध केला, यावर अमेरिकेत मीम्सचा पाऊस पडला. पुढं मार्च २०२१ मध्ये कमिशननं त्या आरोग्य मंडळाचे अधिकारच काढून घेतले आणि त्याला फक्त सल्ला देण्यापुरतं ठेवलं.

पण विषय तिथं संपला नाही, तो शाळेत गेला. बोर्डानं मास्कची सक्ती केली नाही म्हणून आजारी आणि दिव्यांग मुलांचे पालक कोर्टात गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये फेडरल न्यायाधीश रॉनी ग्रीअर यांनी नॉक्स कौंटीच्या शाळांना मास्क लागू करायचा आदेश दिला. एका बाजूला मास्क नको म्हणणारे पालक रस्त्यावर, दुसऱ्या बाजूला मास्क नसेल तर आमच्या पोरानं शाळेत यायचंच नाही का म्हणणारे पालक. मध्ये बोर्डाचे नऊ मेंबर.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेनेसीच्या विधिमंडळानं विशेष अधिवेशनात एक कायदा केला. स्कूल बोर्डाची निवडणूक पक्षाच्या नावावर लढवायला परवानगी. २०२२ ला नॉक्समध्ये पहिल्यांदा बोर्डाच्या उमेदवारांच्या नावापुढं रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट लागलं. ज्या पदाला आधी राजकारणात शेवटची पायरी सुद्धा म्हणत नव्हते, ते आता पक्षाची पहिली पायरी झालं. पक्षाची यंत्रणा, देणगीदार, कार्यकर्ते, सगळं आपोआप मागं आलं.

जानेवारी २०२२ मध्ये नॉक्सपासून तासाभराच्या अंतरावरच्या मॅकमिन कौंटीच्या बोर्डानं ज्यूंच्या संहारावरचं 'माऊस' हे पुलित्झर मिळालेलं चित्रपुस्तक आठवीच्या अभ्यासातून काढलं. एकमतानं. जगभर बातमी झाली आणि पुस्तकाचा खप वाढला. त्याच वर्षी राज्यानं शाळेच्या ग्रंथालयांतल्या पुस्तकांवर वयानुसार योग्य-अयोग्य ठरवायचा कायदा आणला, २०२४ मध्ये तो आणखी कडक केला, आणि नॉक्सच्या शाळांतूनही पुस्तकं बाहेर गेली. या सगळ्यात बोर्डाचा मेंबर हा लोकांना तोंडानं ओळखू येणारा नेता झाला.

मेयर झाल्यावर यातलं काय हातात राहतं?

उत्तर लहान आहे. जवळजवळ काहीच नाही.

कौंटी मेयर पुस्तक काढू शकत नाही आणि परत ठेवूही शकत नाही. सुपरिंटेंडंट नेमू शकत नाही. कोणता धडा शिकवायचा, कोणत्या शिक्षकाला कायम करायचं, शाळेत कोणता झेंडा लावायचा, यातलं काहीही त्याच्या टेबलावर येत नाही. बोर्डाचा मेंबर म्हणून नऊपैकी एक मत तरी होतं, मेयर झाल्यावर तेही जातं.

त्या बदल्यात मिळतं ते पाकीट.

हे पाकीट कसं चालतं ते बघितल्याशिवाय ही निवडणूक कळत नाही. वसंतात सुपरिंटेंडंट शाळांचं बजेट तयार करतो. बोर्ड ते मंजूर करून मेयरकडं पाठवतं. मेयर आपल्या एकूण बजेटमध्ये शाळांसाठी एक रक्कम धरतो आणि मे महिन्याच्या सुमाराला ते कमिशनपुढं मांडतो. कमिशन त्यावर मत देतं आणि १ जुलैला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं. यात बारकावा असा की, शाळांच्या बजेटमधली एखादी ओळ खोडायचा अधिकार कमिशनला नाही. 'हा कार्यक्रम बंद करा, तो पगार कमी करा' असं ते म्हणू शकत नाहीत. त्यांना फक्त एकूण आकडा ठरवता येतो. एवढे पैसे, यात बसवा.

आणि हा आकडा लहान नाही. कौंटीच्या एकूण बजेटचा निम्म्याहून मोठा हिस्सा शाळांवर जातो. मेयरनं रस्त्यांवर कितीही भाषणं दिली तरी त्याच्या हातातला सगळ्यात मोठा विषय शाळा हाच आहे, जिथं त्याला धोरणात बोलायची सोय नाही.

हा पैसा येतो कुठून? टेनेसीत पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही, आणि २०१४ मध्ये लोकांनी मतदान करून घटनेतच तशी बंदी घातली. म्हणून सगळा भार दोन गोष्टींवर. एक सेल्स टॅक्स. नॉक्समध्ये राज्याचा ७ टक्के आणि स्थानिक २.२५ टक्के मिळून सव्वानऊ टक्के. स्थानिक हिश्शातला किमान अर्धा शाळांना द्यायचा, असा राज्याचा कायदा आहे. दुसरा प्रॉपर्टी टॅक्स, आणि राजकारण सगळं या दुसऱ्यावर चालतं.

हिशोब सोपा आहे. घराची किंमत असेसर ठरवणार. त्या किमतीच्या फक्त २५ टक्क्यांवर टॅक्स लागतो. समजा घर ४ लाख डॉलरचं, तर टॅक्स लागणार १ लाखावर. २०२२ च्या फेरमूल्यांकनानंतर नॉक्सचा दर झाला दर १०० डॉलरमागं १.५५४ डॉलर. म्हणजे वर्षाचे १,५५४ डॉलर. त्याआधी हाच दर २.१२ होता. दर एवढा खाली आला याचा अर्थ कौंटी उदार झाली असा नाही. घरांच्या किमती वाढल्या की दर आपोआप खाली आणायचा, फेरमूल्यांकनाच्या नावाखाली जास्त वसुली करायची नाही, असा टेनेसीचा नियम आहे. ज्यांच्या घराची किंमत सरासरीपेक्षा जास्त वाढली त्यांचं बिल तरीही वाढलंच.

दर वाढवायचा तर कमिशनला उघड मतदान करावं लागतं. रिपब्लिकन प्रायमरीत 'मी टॅक्स वाढवला' हे वाक्य घेऊन कुणी मत मागायला जात नाही. जेकब्स यांनीही दोन्ही टर्ममध्ये टॅक्स न वाढवल्याचंच भांडवल केलं.

आता इथं खरा पेच येतो. बोर्डावर बसलेला माणूस दरवर्षी काय बघतो? शेजारच्या कौंटीत पगार जास्त म्हणून निघून चाललेले शिक्षक. बस चालवायला न मिळणारे ड्रायव्हर. पश्चिम भागात नव्या वसाहती उठल्यामुळं भरून गेलेल्या शाळा. बोर्डात असताना हे सगळं कागदावर लिहून मेयरकडं पाठवायचं आणि वर पैसे मागायचे, एवढंच काम. तो कागद मिळणाऱ्या खुर्चीवर बसल्यावर मात्र तोच माणूस म्हणणार, यात बसवा.

त्यात राज्यानं आणखी एक गाठ मारून ठेवलीय. स्थानिक सरकारनं शाळांना एकदा जी रक्कम दिली, ती पुढच्या वर्षी कमी करता येत नाही, विद्यार्थ्यांची संख्या घटल्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. हा नियम शाळांच्या संरक्षणासाठी आहे. पण त्याचा उलटा परिणाम असा की, एखाद्या चांगल्या वर्षात शाळांना वाढीव पैसे द्यायला मेयर आणि कमिशन दहा वेळा विचार करतात. यावर्षी दिले तर कायमचे गळ्यात. म्हणून बऱ्याचदा बोनससारखा एकदाच द्यायचा पैसा निघतो आणि पगारवाढ मागं राहते.

राज्याकडून येणाऱ्या पैशाचं गणितही बदललंय. २०२२ मध्ये राज्यानं जुनं सूत्र रद्द करून प्रत्येक विद्यार्थ्यामागं रक्कम देणारं नवं सूत्र आणलं, २०२३-२४ पासून ते लागू झालं. सुरुवातीला मूळ रक्कम होती विद्यार्थ्यामागं ६,८६० डॉलर. त्यातले ७० टक्के राज्याचे, ३० टक्के स्थानिकांचे, आणि ज्या कौंटीची ऐपत जास्त तिचा वाटा जास्त. नॉक्ससारख्या तुलनेनं खात्यापित्या कौंटीला यात फार हात पसरता येत नाहीत.

वर फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यपाल बिल ली यांनी व्हाउचरच्या कायद्यावर सही केली. खाजगी शाळेत जाणाऱ्या मुलामागं साधारण ७ हजार डॉलर, पहिल्या वर्षी राज्यभरात २० हजार मुलांना. ज्या शाळांमधून मुलं जातील त्यांचा राज्याचा निधी लगेच कमी होणार नाही अशी तरतूद कायद्यात आहे. पण सरकारी शाळा चालवणाऱ्या प्रत्येक कौंटीच्या मेयरला आता डोकं लावावं लागणार, की पुढच्या पाच वर्षांत वर्ग भरलेले राहतील की रिकामे होतील. शाळेची इमारत बांधायला काढलेलं कर्ज वीस-वीस वर्षं फेडायचं असतं.

इमारतीचा मुद्दा लहान वाटतो, पण तिथंच मेयर जिंकतो

याचं उदाहरण नॉक्समध्येच आहे. जेकब्स यांच्या आधी मेयर होते टिम बर्चेट. कौंटीच्या ईशान्येला गिब्ज नावाचा ग्रामीण भाग आहे. तिथल्या सहावी ते आठवीच्या मुलांना स्वतःची शाळा नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काळी आणि गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून जी योजना झाली, त्यात तिथली शाळा बंद होऊन मुलं होल्स्टन मिडल स्कूलला जाऊ लागली होती. गिब्जच्या लोकांना शाळा परत हवी होती आणि बर्चेट यांनी ती द्यायचा शब्द दिला.

नवीन शाळेची जागा ठरवणं कागदोपत्री बोर्डाचं काम. पण पैसा देणार कौंटी. शेवटी २०१५ मध्ये मेयर, कमिशन आणि बोर्ड यांच्यात करार झाला, त्यात गिब्ज आणि हार्डिन व्हॅली अशा दोन शाळा बसवल्या, आणि २०१८ मध्ये दोन्ही सुरू झाल्या. हार्डिन व्हॅलीत गर्दी होती, तिथं कुणी फार बोललं नाही. गिब्जवर मात्र राडा झाला. बहुतेक गोरी असलेली मुलं होल्स्टनमधून काढून वेगळ्या शाळेत नेणं म्हणजे पुन्हा वेगवेगळं बसवणं, अशी तक्रार फेडरल सरकारपर्यंत गेली. शाळा तरीही झाली.

म्हणजे पुस्तकाच्या कपाटापर्यंत मेयरचा हात पोचत नाही. पण कोणत्या गावात शाळा उभी राहील आणि तिच्यात कुणाची पोरं कुणाशेजारी बसतील, हे ठरवण्यात पोचतो. मास्क आणि पुस्तकांवर रात्री बारापर्यंत मिटिंगा झाल्या, त्यांचे व्हिडिओ फिरले. गिब्जच्या कराराचे व्हिडिओ कुणी फिरवले नाहीत.

स्कूल बोर्डातून मेयर व्हायची वाट नॉक्सला नवीन पण नाही. नॉक्सव्हिल शहराच्या मेयर इंडिया किनकॅनन याच बोर्डावर २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं होत्या, अध्यक्षही होत्या. २०१९ मध्ये शहराच्या मेयर झाल्या, २०२३ मध्ये पुन्हा. (इंडिया हे त्यांचं नाव आहे, आपल्या देशाशी संबंध नाही.) शहराची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पण किनकॅनन डेमोक्रॅट आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. हेंडरसन जिंकल्या तर शहर आणि कौंटी दोन्हींच्या खुर्चीवर एकाच बोर्डाच्या दोन माजी अध्यक्ष असतील, एक डावीकडची, एक उजवीकडची. फरक असा की, शहराच्या मेयरकडं शाळांचं पाकीट नसतं, कारण शाळा कौंटीच्या आहेत. हेंडरसन यांच्याकडं ते येईल.

५ मे ची निवडणूक ६ ऑगस्टपेक्षा मोठी का?

कागदावर मेयर ठरणार ६ ऑगस्ट २०२६ ला. पण नॉक्स हा रिपब्लिकन बालेकिल्ला आहे. २०२० मध्ये ट्रम्प यांना इथं ५६ टक्क्यांच्या वर मतं होती. नॉक्सव्हिल शहर डेमोक्रॅटकडं झुकतं, बाकीची कौंटी त्याची भरपाई करते. २०१८ ला जेकब्स दोन तृतीयांश मतं घेऊन आले, २०२२ ला अंतर बरंच कमी झालं, तरी निकाल बदलला नाही. त्यामुळं खरी कुस्ती होते ५ मे च्या रिपब्लिकन प्रायमरीत.

आणि इथं केनची गोष्ट परत येते. २०१८ ची प्रायमरी आठवा. तेव्हाही तीन उमेदवार होते. ब्रॅड अँडर्स आणि बॉब थॉमस हे दोघं कौंटी कमिशनचे सदस्य. तिसरा बाहेरचा, म्हणजे जेकब्स. जेकब्स आणि अँडर्स, दोघांना प्रत्येकी साडेचौदा हजारांच्या आसपास मतं पडली. थॉमसही फार मागं नव्हते. जेकब्स पंचवीसपेक्षाही कमी मतांनी जिंकले. पावणेपाच लाखांच्या कौंटीचा पुढचा आठ वर्षांचा मेयर एका छोट्या बसमध्ये मावतील एवढ्या माणसांनी ठरवला.

शेजारच्या जॉर्जियात पन्नास टक्के मिळाले नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक होते. टेनेसीच्या प्रायमरीत तसं नाही. ज्याला सगळ्यात जास्त, तो जिंकला, मग ती ३५ टक्के का असेनात.

आता २०२६ ची मांडणी बघा. लार्सन जे आणि किम फ्रेझियर, दोघंही कमिशनचे सदस्य, आणि दोघंही एखाद्या वॉर्डातून नाही तर संपूर्ण कौंटीतून निवडून आलेले. जे यांनी पूर्वी दवाखान्यातल्या रुग्णांपर्यंत फुलं पोचवणारी संस्था सुरू केली होती, त्यामुळं पक्षाबाहेरही त्यांची ओळख आहे. हेंडरसन यांनी आजवर मत मागितलं ते एका वॉर्डात. कागदावर त्यांची बाजू लंगडी दिसते. पण कमिशनला मानणारी मतं दोघांत वाटली गेली, तर बाहेरून आलेल्या उमेदवाराला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडीच जास्त मतं पुरतात. २०१८ ला असंच झालं. यावेळी तसंच होईल असं कुणी लिहून देऊ नये, पण प्रचारात 'मीच खरा कॉन्झर्व्हेटिव्ह' हे का मोजलं जातं त्याचं कारण या गणितात आहे. प्रायमरीला येणारा मतदार थोडा आणि पक्का. त्याला रस्त्याच्या कामाची निविदा आठवत नाही, मास्कच्या वेळी कोण कुठं उभं होतं हे आठवतं.

यात एक पळवाटही आहे. टेनेसीत मतदार यादीत तुमचा पक्ष लिहिलेला नसतो. मतदान केंद्रावर जाऊन कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं. म्हणजे डेमोक्रॅट मतदारही रिपब्लिकन प्रायमरीत मत टाकू शकतो, आणि नॉक्ससारख्या ठिकाणी टाकतोही, कारण मेयर तिथंच ठरतो. हे रोखायला २०२३ मध्ये राज्यानं प्रत्येक केंद्रावर पाटी लावायचा कायदा केला. तुम्ही त्या पक्षाचे खरे सदस्य नसाल तर मत देणं गुन्हा आहे, असा इशारा त्या पाटीवर असतो. खरा सदस्य म्हणजे कोण, हे कायद्यात कुठं नीट लिहिलेलं नाही. त्यामुळं मवाळ रिपब्लिकन उमेदवार अशा मतांकडं डोळे लावून बसतात आणि कडवे उमेदवार त्यावरून टीका करतात.

जिंकणाऱ्याला या खुर्चीपुढं रस्ता पण आहे. टिम बर्चेट कौंटी मेयरपदावरून थेट अमेरिकेच्या संसदेत गेले, आज ते तिथले खासदार आहेत.

आणि हेंडरसन जिंकल्या तर बोर्डावरच्या त्यांच्या रिकाम्या जागेवर माणूस नेमणार कौंटी कमिशन, म्हणजे ज्यांच्यातल्या दोघांशी त्या प्रायमरीत लढल्या तेच सभागृह.

नवा मेयर १ सप्टेंबरला पदावर येतो. तोपर्यंत १ जुलैचं आर्थिक वर्ष सुरू झालेलं असतं, म्हणजे पहिलं वर्ष जेकब्स यांनी मांडलेल्या बजेटवरच काढायचं. नव्या मेयरचं स्वतःचं पहिलं बजेट २०२७ च्या वसंतात येईल. त्यावेळी स्कूल बोर्ड नेहमीप्रमाणं आपली मागणी लिहून पाठवेल : शिक्षकांचे पगार, बस, नव्या वर्गखोल्या. हेंडरसन मेयर असतील, तर असल्या कित्येक मागण्यांवर आधी त्यांचीच सही होती.